ऑप्शनला टाकलेला धडा

मार्चचं ऊन तापायला लागलं की आमच्या सोसायटीतली पोरं एकाएकी सभ्य होतात. एरवी खालच्या गाड्यांच्या काचांवर नेम धरून क्रिकेट खेळणारी ही मुलं झेरॉक्सची भेंडोळी घेऊन जिन्यात बसलेली दिसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट देतात आणि कुणी काही विचारलं तर बराच वेळ त्यांना कळतच नाही. घराघरांतून कॉफीचा वास येतो. कुणाच्या तरी आईचा आवाज चढलेला असतो, कुणाचा तरी टीव्ही मुद्दाम बारीक केलेला असतो. बायका म्हणतात, परीक्षेचे दिवस बाई, मुलांपेक्षा आपल्यालाच टेन्शन. मी मान हलवते. माझं या दिवसांतलं टेन्शन मात्र मुलीच्या परीक्षेचं नसतं.

मुलगी यंदा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. ऋचा तिचं नाव. परवा सकाळी ती गॅलरीत उभी राहून मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. "ऐक ना, ते दोन युनिट तू कर, बाकीचे मी करतेय. मग एकमेकींना समजावू. आणि तो शेवटचा चॅप्टर ऑप्शनला टाक यार, टेन्शन नको घेऊस." मी पोळ्या लाटत होते. तशीच लाटणं हातात घेऊन गॅलरीत गेले आणि म्हटलं, "तिला तसं सांगू नकोस."

"का? काय झालं?"

"तो चॅप्टर तू स्वतः केलायस का?"

"नाही ग आई, मीपण नाही करत. चिल."

मी तिच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले असणार. ती म्हणाली, "अशी काय बघतेयस पोलिसासारखी?" आत तव्यावरची पोळी करपली होती.

ज्यांनी विद्यापीठाच्या परीक्षा दिल्यात त्यांना ऑप्शनला टाकणं म्हणजे काय ते सांगायला नको. पुस्तकात धडे बारा, वेळ आठांपुरता. मग गेल्या काही वर्षांचे पेपर समोर ठेवायचे, कुठला प्रश्न येऊन गेला, कुठला रुसून बसलाय ते बघायचं आणि एखादा धडा उघडायचाच नाही असं ठरवायचं. विद्यार्थीदशेत आम्ही काय शिकलो असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, काय सोडून द्यायचं ते शिकलो. आमच्या सोसायटीत दरवर्षी पास झालेल्या मुलांचा गुणगौरव होतो आणि बिल्डिंगमधली मोठी अकाउंटंट म्हणून मला दोन शब्द बोलायला उभं करतात. मी मेहनतीला पर्याय नाही वगैरे सांगते. टाळ्या पडतात, समोसे येतात.

मी सांगतेय ती गोष्ट दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीची, माझ्या बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची. आम्ही लालबागची चाळ सोडून भाईंदरला इंद्रलोक नावाच्या नव्या वस्तीत राहायला आलो त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. इमारती भराभर उभ्या राहत होत्या आणि माणसं सावकाश येत होती. आमच्या मजल्यावर चार फ्लॅट, पण चूल पेटायची दोनच घरांत. समोरचा फ्लॅट एका कापडवाल्या गुजराती शेठचा. पैसा अडकवायला घेतलेला, राहायला कधीच न आलेला. चावी आमच्याकडे असायची. तेव्हा भाईंदरात बऱ्याच घरी अशा परक्या चाव्या खिळ्याला लटकलेल्या असत. शेठचा दोन महिन्यांतून एकदा फोन यायचा, "भाभीजी, जरा नल चेक कर लेना, और खिडकी खोल देना, घर को हवा लगनी चाहिए." त्या घराला हवा लागावी म्हणून परीक्षेच्या दिवसांत तिथे मी आणि माझ्या वर्गातली सुजाता जाऊन बसायचो.

पंखा नव्हता. छतातून वायरींची टोकं लोंबत असायची. डिस्टेंपरचा वास चार वर्षांनीही गेला नव्हता. आम्ही चटई टाकायचो, कोपऱ्यात पाण्याचा तांब्या, उशाला पुस्तकं. सकाळचं पाणी भरून झालं की दहाला बसायचो ते दीडपर्यंत. रिकाम्या घरात आवाज घुमतो. सुजाता ऑडिटिंग समजावायला लागली की चणीनं एवढीशी ती मुलगी एकदम प्राध्यापकीण वाटायची. खिडकीतून मिठागरं दिसायची. मिठाचाही हंगाम तोच. जसजशा परीक्षा जवळ यायच्या तसतसे बांधांवरचे ढीग वाढायचे. दुपारच्या उन्हात ते पांढरं डोळ्यांना सोसायचं नाही, म्हणून आम्ही खिडकीकडे पाठ करून बसायचो.

सुजाता नवघरची. विहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं बैठं घर होतं. वडील मूळचे जालन्याकडचे, मुंबईत एका सरकारी कचेरीत शिपाई. विहारात मुलांसाठी अभ्यासिका होती, पण मुलं पुष्कळ आणि बाकं थोडी, शिवाय दहावी-बारावीवाल्यांना आधी जागा द्यायची असा तिथला नियम होता. म्हणून ती आमच्याकडे यायची. येताना तिची आई डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी द्यायची. एकदा मी त्यांच्या घरी गेले तर माझ्या हातावर आणखी एक भाकरी ठेवून म्हणाली, "खात जावा गं पोरींनो. उपाशी डोकं चालत नसतंय."

माझी आई आम्हाला अकराला चहा द्यायची. सुजाताला चांगल्याच कपातून द्यायची. मग तो कप वेगळा घासून, वेगळा पालथा घालायची. बोलायची गोड, चौकशी करायची, दिवाळीला करंज्याही द्यायची. फक्त तो कप. मला ते दिसायचं आणि मी काही म्हणायचे नाही. सुजातालाही दिसत असणार, कारण पुढे पुढे ती स्वतःच उठून आपला कप विसळून ठेवायला लागली. गप्प बसायची सवय मला त्याच स्वयंपाकघरात लागली असावी.

अभ्यासाची आमची पद्धत ठरलेली होती. दिवाळीच्या सुट्टीतच सगळा पोर्शन अर्धा अर्धा वाटून घेतलेला. ऑडिटिंग, अर्थशास्त्र, एक्सपोर्ट मार्केटिंग तिच्याकडे. कॉस्टिंग, टॅक्स आणि अकाउंट्स माझ्याकडे, कारण चुलत भावाची जाडजूड पुस्तकं माझ्याकडे होती. जिनं जो पोर्शन घेतला तिनं तो वाचायचा, नोट्स काढायच्या आणि दुसरीला शिकवायचा. काय करायचं, काय ऑप्शनला टाकायचं हेही तिनंच ठरवायचं. दुसरीनं विचारायचं नाही. हा नियम सुजातानंच केला होता. म्हणाली, "नाहीतर मग दोघींनीपण सगळंच वाचावं लागेल ना. विश्वास नसेल तर वाटणीचा काय उपयोग?"

ती कॉस्टिंग शिकायला बसली की मला आतून चिडचिड व्हायची, हे आज सांगून टाकते. मी तासभर घाम गाळून एखादा सम बसवलेला असायचा. तो तिला अर्धा सांगितला की ती "थांब थांब" म्हणून पुढचा स्वतःच करायची. पेन्सिल कानावर, पाय दुमडलेले, ओठ हलतायत. "मला हे फार आवडतं ग," ती म्हणायची. "प्रत्येक आकडा कुठून आला ते कळतं यात. उगाच कुठून टपकत नाही काही." शिकवणारी मी होते आणि येत होतं तिला.

जानेवारीत अकाउंट्सच्या सरांनी आम्हा दोघींना स्टाफरूममध्ये बोलावलं. सरांचं भाईंदर वेस्टला स्वतःचं ऑफिस होतं. ते म्हणाले, "जूनपासून मी एक मुलगी घेणार आहे. एकच. तुमच्या दोघींपैकी कॉस्टिंगला जिला जास्त पडतील तिला. पण पहिल्या फटक्यात पास पाहिजे हं, केटी-बिटी चालणार नाही." बाहेर आल्यावर सुजातानं माझा हात धरला. "कुणाला का मिळेना, आपल्या दोघींतच राहतेय ना!" ती मनापासून म्हणाली. तिचे वडील त्याच वर्षी रिटायर होणार होते. सरांकडे लागलं की घरात दोन पैसे द्यायचे आणि संध्याकाळी कॉस्टिंगचा मोठा कोर्स करायचा, हे तिनं त्या पाच मिनिटांतच ठरवून टाकलं होतं. मीही हसले. महिन्याभरानं प्रिलिम झाली. कॉस्टिंगला तिला शहात्तर पडले आणि मला अठ्ठावन्न.

घरी ते मार्क ऐकून वडील पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "तिला काय! तिला कोटा आहे, कुठेही चिकटेल. तुला कोण विचारणार?" हे वाक्य मी चावून चावून चघळलं. रात्रंदिवस उपयोगी पडेल असं वाक्य होतं ते. वास्तविक सरांच्या खाजगी ऑफिसात कसला आलाय कोटा! तिथे फक्त मार्क चालणार होते, आणि घाबरले होते मी ती त्यालाच. पण वडिलांचं वाक्य मी खाली ठेवलं नाही.

वडिलांनी मला बोरिवलीच्या एका क्लासला घातलं. रविवारची रिव्हिजन बॅच, फक्त कॉस्टिंग. सुजाताला मी सांगितलं, मामाकडे जातेय, मामी आजारी आहे. क्लासचे सर झेरॉक्स नोट्स द्यायचे आणि दटावायचे, "बाहेर गेल्या तर बघा." मला तेवढं निमित्त पुरलं. तिसऱ्या रविवारी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'कॉन्ट्रॅक्ट कॉस्टिंग' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. "यंदा हा येणार म्हणजे येणार. पहिला प्रश्न, कंपल्सरी. लिहून घ्या माझ्याकडून." एखाद्या बांधकामाचं कंत्राट अर्धवट झालेलं असताना कंत्राटदारानं किती नफा धरायचा, त्याचं ते गणित. त्या दिवशी मी त्याचे नऊ सम सोडवून घरी आले. मामीची तब्येत कशी आहे, सुजातानं विचारलं. बरी आहे, मी म्हटलं.

मग तो सोमवार. तांब्यातलं पाणी कोमट झालेलं, खाली कुठेतरी टँकर लागलेला, बायकांची हंड्यांवरून भांडणं चाललेली. सुजातानं कॉस्टिंगच्या पुस्तकाची अनुक्रमणिका उघडली आणि शेवटच्या धड्यावर बोट ठेवलं.

"हा कधी करायचा?"

मी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. "तो नाही करायचा. ऑप्शनला टाकू."

"अख्खा?"

"चार वर्षं आलेला नाही. लांबलचक आहे उगाच."

"बरं." तिनं पेन्सिलीनं त्या नावावर एक सरळ रेघ मारली. पट्टी लावून मारली. "तुझा पोर्शन, तू म्हणशील तसं."

इतकंच झालं. कुणी ओरडलं नाही. मी पुढचा सम वाचायला घेतला आणि तिला शिकवलाही. पुढचे वीस दिवस रोज ती माझ्यासमोर बसायची आणि रोज मला ते सांगता आलं असतं. अगं, कालच कुणीतरी म्हणालं, तो धडा बघून ठेवू या का. एवढ्यानं भागलं असतं, खोटं उघडही पडलं नसतं. मी रोज उद्यावर ढकललं. मग एक दिवस उद्या पेपरच होता.

त्याच दिवसांत तिनं मला ऑडिटिंगमधला एक धडा शिकवला. हिशेबातल्या चुका आणि हिशेबातली लबाडी. ती म्हणाली, "सोपं आहे ग. चूक नकळत होते, लबाडी ठरवून होते. आकडा दोन्हीत सारखाच चुकतो, म्हणून नुसता आकडा बघून कळत नाही. माणसाला विचारावं लागतं." मी हे तिच्याच शब्दांत पेपरात लिहिलं. ऑडिटिंगला मला आयुष्यातले सगळ्यात जास्त मार्क पडले, ते तिच्या नोट्सचे.

कॉस्टिंगच्या पेपराला आमचं सेंटर वेस्टच्या एका शाळेत होतं. बाकं लहान मुलांची, गुडघे वर यायचे. माझ्या दोन बाकं पुढे, डावीकडे सुजाता. पेपर हातात आला. पहिला प्रश्न, कंपल्सरी, वीस मार्कांचा, कॉन्ट्रॅक्ट कॉस्टिंग. सुजाता मागे वळली. मला वाटलं ती माझ्याकडे रागानं बघेल. तिनं भुवया उंचावल्या, कपाळावर हात मारल्यासारखं केलं आणि हसली. दोघींचं मिळून नशीब फुटलंय असं तिला वाटत होतं. पर्यवेक्षक बाई ओरडल्या तशी ती वळली. मी लिहायला लागले. पहिला प्रश्न पूर्ण झाला तोवर माझी उत्तरपत्रिका अर्धी भरली होती. तासाभरानं मी उभी राहून सप्लिमेंट मागितली. माझा आवाज तिला ऐकू गेला असणार. तिची मान खाली होती आणि पेन थांबलेलं होतं. पुढे मला तिच्याकडे बघवलं नाही, किंवा मी बघितलं नाही. आता नक्की आठवत नाही असं म्हणते, पण आठवतं. बघितलं नाही.

शेवटचा पेपर झाल्यावर आम्ही उत्तनला गेलो. आधीच ठरलेलं होतं म्हणून गेलो. किनाऱ्यावर बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत घातलेले, होड्यांच्या सावलीत जाळी विणणारी माणसं, सगळीकडे तो खारट उग्र वास. सुजाता वाळूत बसली आणि म्हणाली, "त्या पहिल्या प्रश्नाचं काय केलंस तू?"

"आदल्या दिवशी थोडा चाळला होता धडा. जमेल तसं लिहिलं."

"बरं झालं. एक तरी सुटली." आणि मग, "मला सांग ना तो कसा करतात. त्याच्याशीच झटत बसले आणि पुढचे येणारे समही अर्धेच राहिले. डोक्यातून जातच नाहीये."

मी तिला सांगायला लागले. काडीनं वाळूत आकडे लिहीत होते. निम्म्यावर आल्यावर ती म्हणाली, "थांब थांब." माझ्या हातातली काडी घेतली आणि पुढचं तिनं केलं. दहा मिनिटंही लागली नसतील. एका जागी चुकली, स्वतःच पुसून नीट केलं. मग काडी टाकून बघत राहिली.

"हे एवढंच होतं? मग आपण ऑप्शनला का टाकलं ग?"

"मला तरी कुठे माहीत होतं," मी म्हटलं.

बाजूनं टोपली घेऊन चाललेली एक कोळीण थांबली, वाळूतले आकडे बघून हसली. "परीक्षा सरली न्हाय का गो तुमची अजून?" सुजाताही हसली. म्हणाली, "सरली मावशी, सरली."

निकाल जूनमध्ये लागला. कॉलेजच्या खिडकीतून मार्कशीट देत होते. सुजाताला बाकी सगळ्या विषयांत साठाच्या वर आणि कॉस्टिंगला अठ्ठावीस. पास व्हायला पस्तीस लागायचे. ग्रेसनंही पोचण्यासारखे नव्हते. तिनं मार्कशीट दोनदा वाचली, घडी घातली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली. रडली नाही. रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरायला मी तिच्याबरोबर गेले. रांगेत तिच्यामागे उभी राहिले, तिच्या खांद्यावर हात ठेवला, मार्क नक्की वाढतील ग म्हणाले. त्या दुपारी मी जितकी चांगली मैत्रीण होते तितकी कधीच नव्हते. मार्क काही वाढले नाहीत.

मी सरांकडे लागले. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "ती तुझी मैत्रीण? खरं सांगू, तिला घ्यायचं होतं मला."

"तिचा कॉस्टिंग राहिला, सर."

"कॉस्टिंग?" सरांनी चष्मा काढला. "आश्चर्य आहे." मग त्यांनी माझ्यासमोर फायली ठेवल्या. त्या टेबलापासून मी आज जिथे आहे तिथवर आले. घर, गाडी, नावापुढची डिग्री, गुणगौरवातले दोन शब्द, सगळं त्या टेबलावरून सुरू होतं.

सुजाता ऑक्टोबरला बसली नाही. त्या सुमारास तिचे वडील रिटायर झाले, ती एका दुकानात बिलं करायला लागली. मार्चला बसली आणि छत्तीसांवर सुटली. छत्तीस! आकडे समोर आले की हात गार पडतो, म्हणाली होती. पुढे ते सगळे नालासोपाऱ्याला राहायला गेले. लग्नाची पत्रिका आली, मी आहेर पाठवला. मोबाइल आले, नंबर बदलले. मी शोधली नाही. आपण एखाद्याला शोधत नाही त्याची कारणं आपल्याला चांगली ठाऊक असतात.

मधली वीस वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले. एक धडा तर होता. तिनंही वाचायला काय हरकत होती. एका पेपरानं कुणाचं आयुष्य ठरत नाही. हे शेवटचं तर मी मुलांना भाषणातही सांगते. मला वाटायचं, मी तिचं एक वर्ष घेतलं, फार तर एक नोकरी. वाईट केलं, पण त्याला माप होतं. हे लिहितेय तेही कबुलीजबाब म्हणून नव्हे. कबुली जिच्यापाशी द्यायची तिच्यापाशी मी ती दिलेली नाही, आणि संधी मिळाली नाही असंही मला म्हणता येणार नाही.

गेल्या जूनमध्ये वडिलांची शुगर तपासायला मी त्यांना मिरा रोडच्या एका लॅबमध्ये घेऊन गेले. काउंटरवरच्या बाईनं मान वर न करता विचारलं, "काका उपाशीपोटी आलेत ना?" मग नाव लिहिता लिहिता थांबली आणि वर बघितलं. "स्मिते?"

सुजाताचे केस पुढून पिकले होते. काउंटरला वळसा घालून ती बाहेर आली आणि सगळ्या पेशंटसमोर तिनं मला मिठी मारली. वडिलांना वाकून नमस्कार केला. कुठे असतेस, काय करतेस, अगं किती मोठी झालीस तू, मी सगळ्यांना सांगते माझी मैत्रीण केवढी मोठी अकाउंटंट आहे म्हणून. तिच्या बोलण्यात कुठे एक काटा नव्हता. मी शोधत होते.

बाकावर तिची मुलगी बसली होती, निकिता. नुकतीच दहावी झालेली, आईसारखीच एवढीशी. अकरावीचा फॉर्म भरायला आईकडे आली होती. मी विचारलं, "किती पडले?"

"ब्याऐंशी टक्के. गणितात ब्याण्णव."

"कॉमर्स म्हणत होती," सुजाता म्हणाली. "मीच म्हटलं, नको बाई. आपल्याकडे आकड्यांचं डोकं नाही. माझ्यावर गेलीय ती. आर्ट्सला घालतेय."

"मम्मी, ब्याण्णव काय असेच पडतात का?"

"मलापण असंच वाटायचं ग. येतंय येतंय असं वाटतं आणि ऐन वेळी सगळं उडून जातं. डोकं नसलं की नसतं." तिनं माझा हात धरला. "ही मावशी बघ. आम्ही दोघींनी एका घरात बसून, एकाच पुस्तकातून अभ्यास केलाय. हिला आलं, मला नाही आलं. यात कुणाचा दोष नसतो."

ती हे दुःखानं सांगत नव्हती. खूप वर्षांपूर्वी पटलेली गोष्ट सांगावी तशी सांगत होती. मी घेतलं होतं ते एक वर्ष नव्हतं. कानावर पेन्सिल लावून "थांब थांब" म्हणणारी ती मुलगी आपण कधी होतो, हेच तिला आता ठाऊक नव्हतं.

"मावशी, तुम्ही सांगा ना मम्मीला," निकिता म्हणाली. "उद्या लास्ट डेट आहे."

"हो, तूच सांग हिला," सुजाता म्हणाली. "तुला यातलं कळतं. तू म्हणशील तसं करू."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. वडील बाही वर करून बसले होते. आतून कुणीतरी नंबर पुकारला. वाक्य एकच होतं, सुजाता, तुला येत होतं. ते म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग? आणि त्या 'मग'चं उत्तर मला द्यावं लागलं असतं, तिथे, तिच्या मुलीसमोर, तिनं वाकून नमस्कार केलेल्या माझ्या वडिलांसमोर.

"आर्ट्सही चांगलंच असतं ग," मी म्हटलं.

"बघ," सुजाता मुलीला म्हणाली, "मी सांगत होते की नाही."